एकेचाळीस नंबरच्या घरातला पंखा

“पंखा गुरुजीकडे कर वो, हेमकला,” देवकाबाई नखाते म्हणाली, आणि तिच्या मुलीने स्टुलावरच्या हिरव्या टेबलफॅनचं तोंड माझ्याकडे वळवलं. मांडीवरचे कागद फडफडले. मी घाईघाईने त्यांवर हात दाबला. शाईचं पेन वापरायची माझी सवय होती आणि एकाही कागदावर डाग पडलेला मला चालत नसे.

चिचखेड्यातल्या विडीवाल्यांच्या मोहल्ल्यातलं हे एकेचाळीस नंबरचं घर. फेब्रुवारी संपत आला होता. सरकारने गावोगावी गरीब घरांची यादी करायला घेतली होती आणि आमच्या गावचं काम शाळामास्तर म्हणून माझ्याकडे आलं होतं. प्रत्येक घराला तेरा प्रश्न. घर कसलं, भांडीकुंडी किती, कपडे किती, दोन वेळ जेवायला मिळतं का, कमावतं कोण. प्रत्येक उत्तराला गुण. ज्याला गुण जास्त तो सुखी. अठरापर्यंत गुण मिळालेलं घर गरीब धरायचं. त्याला स्वस्त धान्य मिळणार होतं आणि पुढे घरकुलासाठी नंबर लागणार होता.

देवकाबाईचं घर कुडाचं. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी छातीच्या रोगाने गेला होता. दोघी मायलेकी दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच त्या दिवशी मी जरा चकित झालो. अंगण नुकतं सारवलेलं होतं. ओसरीत सहा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कुडाच्या भिंतीवर मोठं सोनेरी कडेचं घड्याळ होतं. फळीवर स्टीलचे पेले उलटे घालून ठेवले होते, एका रांगेत. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि माझ्या मनगटावर सकाळचे अकरा. मी नकळत माझं घड्याळ कानाला लावलं. असं मी नेहमीच करतो. दोन गोष्टी जुळल्या नाहीत की चूक आपलीच, असं धरून चालतो.

माझ्या शेजारच्या खुर्चीत लक्ष्मण दोनाडकर बसला होता. गावातला धानाचा व्यापारी, साठीचा, भरदार मिशीचा माणूस. तो कशासाठी आला होता हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. तो बशीत चहा ओतून पीत होता आणि माझ्या कागदाकडे कौतुकाने बघत होता.

“वर्षभर दोन वेळचं जेवण मिळतं का?” मी विचारलं.

“दोन कायले जी? तीन वेळचं,” देवकाबाई म्हणाली. “आन वरून चहा.”

मी गुण लिहिले. कपडे विचारले, तिने भरपूर सांगितले. खुर्च्या मोजल्या. पंख्याच्या रकान्यापाशी थांबलो, कारण कागदावर ‘मालकीच्या वस्तू’ असं स्पष्ट छापलेलं होतं आणि मला स्पष्ट छापलेल्या गोष्टींचा मोठा आधार वाटतो.

“हा पंखा घरचाच का?”

देवकाबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पदर सारखा केला. “घरचाच जी.”

हेमकला पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होती. ती पुन्हा आत गेली. दोनाडकरने बशी खाली ठेवली, पंख्याकडे पाहिलं, मिशा पुसल्या आणि म्हणाला, “हवा चांगली देते.”

घर क्रमांक एकेचाळीस. एकूण गुण अठ्ठावीस. मी खाली सही केली.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी वर्गातच बसून वाचत होतो. तेव्हाही मी असाच होतो. अकरा वर्षं गावात राहिलो, पण शाळा आणि माझी खोली सोडून माझं कुठे जाणं-येणं नव्हतं. खोलीत पुस्तकं होती आणि वेताची एक आरामखुर्ची, भंडाऱ्याहून घेतलेली. लोक मान द्यायचे. दिवाळीत फराळ यायचा. पण शेजारचा माणूस शेजाऱ्याकडे येतो तसं, वाटीभर साखर मागायला, कुणी कधी माझ्या दारात आलं नव्हतं. आपल्यातच काही कमी असेल, अशी माझी समजूत होती.

देवकाबाई दारात उभी राहिली. मी तिला बाकावर बस म्हटलं, तर ती खाली जमिनीवर बसली.

“हेमकलानं वाचलं जी. आमचं नाव नाई.”

मी म्हटलं की तिने सांगितलं तेच मी लिहिलं होतं. मग मला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

“तेच म्हनते मी बी. तुमची कायची चूक? खोटं मी बोलली.” ती हे अगदी सरळ म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तसं. “पंखा माया नाई. खुर्च्या माया नाई. घड्याळ बी नाई. त्या दिवशी हेमकलाले पाहाले पाहुने येनार होते दुपारी. आन लक्ष्मनभाऊ आधीच येऊन बसले. पोरगा त्याईचा भाचा हाये. त्याईच्यासमोर कसं सांगू का मी मांगून आनलं म्हनून?”

पाहुण्यांनी मुलगी पसंत केली होती. आठ दिवसांनी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, वैशाखात लग्न. मुलगा तुमसरला सायकल दुरुस्तीच्या दुकानात होता. निर्व्यसनी, आणि हुंडा मागितला नव्हता.

मी तिला नियम सांगितला. सोमवारी ग्रामसभा आहे. तालुक्याचे साहेब येतील. तिथे उभं राहून हरकत घ्यायची, वस्तू माझ्या नव्हत्या असं सांगायचं. साहेब दुरुस्ती करतील.

“साऱ्या गावासमोर?”

“हो.”

“लक्ष्मनभाऊसमोर?”

मी हातातलं पुस्तक मिटलं.

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख झिजून अर्धं उरलं होतं. पानाची टोकं दुमडून दुमडून मोहल्ल्यातल्या सगळ्या बायकांची नखं तशी होतात. पण तिची दोन बोटंही आता वाकत नव्हती. तिने मला ती दाखवली नाहीत. मीच पाहिली.

“गुरुजी, माया हातच्या विड्या आता कंपनीवाला घेत नाई. सैल होतात म्हनते. शंभरातल्या चाळीस फेकते. पोरगी आपल्या विड्याईत माया मिळवून देते, तिच्या कंपनीच्या कार्डावर. ते गेली का कार्ड बी गेलं.” मग ती जरा हसली. “तुमी आले तवा घरात चार हात होते. वैशाखात दोनच रायतीन, आन ते बी असे. तुमच्या कागदात पुढचं लिवाले जागा नाई का?”

मी म्हटलं, “नाही. आज जे आहे तेवढंच.”

“मंग मी पोरीचं लग्न पाहू का धान्य पाहू, ते सांगा.”

 घंटा झाली, मुलं आत आली, ती उठून गेली. जाताना मुलांना म्हणाली, “गुरुजीले तरास नका देऊ रे.”

त्या रविवारी मी सगळ्या गावाचे कागद पुन्हा काढून बसलो. एकशे साठ घरं. खरं तर मी माझी चूक शोधत होतो. कुठेतरी एखादी बेरीज चुकली असेल, एखादा गुण जास्त पडला असेल, तर साहेबांना सांगून तेवढं दुरुस्त करता येईल आणि कुणालाच काही बोलावं लागणार नाही. बेरजा सगळ्या बरोबर निघाल्या. आयुष्यात मी जेवढं काही केलं त्यात हे कागदच तेवढे बिनचूक होते, आणि त्या दिवशी मला तेच नको होतं.

पण बाराव्या घराशी मी अडकलो. टेबलफॅन एक, खुर्च्या सहा, घड्याळ एक. सत्ताविसाव्या घरी तेच. आणि मला आठवलं की बाराव्या घरी माझ्याशी बोलताना म्हातारा माझ्या मनगटाकडे बघून वेळ विचारत होता, डोक्यावर भलंमोठं घड्याळ असताना. मी वर पाहिलं होतं तेव्हा त्यात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. सत्ताविसाव्या घरीही मी दुपारी दीडला गेलो होतो, आणि तिथेही चार वीसच. त्या दोन्ही घरांतही त्या महिन्यात लग्नाच्या मुली होत्या.

एकच पंखा, एकच घड्याळ आणि त्याच सहा खुर्च्या अख्ख्या मोहल्ल्यात फिरत होत्या. मी त्या तीन वेळा मोजल्या होत्या, सुवाच्य अक्षरात. त्या दोन घरांचं काही बिघडलं नव्हतं. एकाकडे पाच एकर धानाची जमीन होती, दुसऱ्याचा मुलगा पोलिसात. पंखा असला काय, नसला काय, ती यादीत येणारच नव्हती. पंख्याने बुडालं ते फक्त एकेचाळीस नंबरचं घर.

अकरा वर्षं मी त्या मोहल्ल्यातून शाळेत जात होतो आणि हे मला माहीत नव्हतं.

ग्रामसभा शाळेच्याच व्हरांड्यात भरली. तालुक्याहून विस्तार अधिकारी गजभिये साहेब आले होते. तरुण, घाईत असलेले, पण सरळ माणूस. त्यांनी आल्याबरोबर माझं काम तालुक्यात सगळ्यांत स्वच्छ आहे असं सगळ्यांसमोर सांगितलं. मी खाली बघितलं. शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी होती. बोलायचं चार ओळींत लिहून आणलं होतं, कारण माणसं समोर असली की माझे शब्द जागेवर राहत नाहीत. पस्तीस वर्षं शिकवलं, पण ती मुलं होती.

पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीशी. देवकाबाई कोपऱ्यात बसली होती आणि हेमकला तिच्या मागे. दोनाडकर पुढेच मांडी घालून बसला होता. नावं वाचली जात होती. एकेका नावाला हरकत विचारली जात होती. कुणी म्हणत होतं अमक्याकडे बैलजोडी आहे, तो गरीब कसा. दुसरं कुणी म्हणत होतं, बैल म्हातारे आहेत, त्यांनाच यादीत घ्या. हशा होत होता.

यादी संपली. “आणखी कुणाची हरकत?” साहेबांनी विचारलं.

मी देवकाबाईकडे पाहिलं. ती उठायच्या बेतात होती. एक हात तिने जमिनीवर टेकला होता. तिच्या मागून हेमकलाने तिचा पदर धरला होता. उठवायला की बसवायला, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी उभा राहिलो.

चिठ्ठी काढली. अक्षरं दिसेनात. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “घर क्रमांक एकेचाळीस,” मी म्हणालो. “त्या कागदात माझी चूक आहे.”

“बेरजेची?” साहेब म्हणाले.

“नाही. वस्तूंची. मी दुसऱ्या घरच्या वस्तू त्या घराच्या नावावर लिहिल्या.”

चिठ्ठीत एवढंच होतं. पुढचा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इतकी वर्षं पोरांच्या थापा पकडणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याचं नवल वाटतं. पण खोटं बोलायचा मला सराव नव्हता.

“कोणत्या घरच्या, गुरुजी?” साहेबांनी पेन उघडलं. “त्या घरचाही कागद मग दुरुस्त करावा लागेल ना.”

 मला मोहल्ल्यातल्या एकूण एक बाईचे डोळे माझ्या पाठीवर जाणवत होते. प्रत्येकीला ठाऊक होतं की पंखा कुणाचा आहे. फक्त मलाच ठाऊक नव्हतं. मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

“माया घरच्या, साहेब.”

लक्ष्मण दोनाडकर उठला होता. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश, घाई नसल्यासारखा.

“हिरवा पंखा, सा खुर्च्या, भितीवरचं घड्याळ. हे सारं लक्ष्मन दोनाडकरच्या मालकीचं. पावत्या हायेत. गुरुजीनं ते देवकावहिनीच्या नावावर लिवलं. मी तेथीच बसून होतो, माया डोळ्यासमोर लिवलं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“गुरुजी लिवत असले का मधी बोलाची हिंमत नाई होत, साहेब. मी त्याईच्या हातचा मार खाल्ला नाई, पन माया पोरानं खाल्ला हाये.”

पहिलं हसू बायकांच्या बाजूने आलं. मग मागून एक म्हातारा म्हणाला की गुरुजींचा चष्मा बदलायला झाला, परवा रस्त्यात त्यांनी बकरीला नमस्कार केला. कुणाच्या तरी आजीने सांगितलं की तिच्या नातवाला दर वर्षी दुसऱ्याच पोराचे मार्क मिळतात. एकाने तर हलगर्जीपणाची अशी काही उदाहरणं दिली की मी स्वतःच क्षणभर ती खरी मानली. सगळी ग्रामसभा एकामागून एक उठून माझ्या निष्काळजीपणाची साक्ष देत होती. मी मान खाली घालून उभा होतो आणि मला एवढं हलकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. त्यांना सगळं कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी जुना कागद पुढे ओढला.

“जेवणाचं काय? इथे तर तीन वेळ लिहिलंय.”

“तेही चुकलंय,” मी म्हणालो. “आणि कपडेही.” आता मला जमायला लागलं होतं.

त्यांनी तिथल्या तिथे नवा कागद भरून घेतला. देवकाबाईला नुसतं हो-नाही विचारलं. पंखा? नाही. खुर्ची? नाही. दोन वेळ जेवण? ती थांबली. दोनाडकर तेव्हा खांबावरचं जुनं कॅलेंडर वाचण्यात गढून गेला होता. “पोरगी हाये तवापर्यंत,” ती हळूच म्हणाली. एकूण गुण पंधरा. नाव यादीत चढलं.

जाताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “गुरुजी, मला याचा खुलासा वर द्यावा लागेल. तुमच्यावर येईल.” मी म्हटलं, येऊ द्या.

महिनाभराने ते आलं. ‘राष्ट्रीय कामात गंभीर निष्काळजीपणा, सक्त ताकीद देण्यात येत आहे.’ माझ्या सेवापुस्तकातली ती एकमेव तांबडी नोंद. निवृत्तीच्या वेळी कारकुनाने ती बघून भुवया उंचावल्या होत्या.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सभा पांगल्यावर दोनाडकर चपला घालत होता. मी त्याच्याजवळ गेलो. त्याचे आभार मानावेत की क्षमा मागावी हे मला कळत नव्हतं. मी म्हटलं, “म्हणजे तुम्ही त्या दिवशी स्वतःच्याच पंख्याची हवा घेत होता.”

“मंग? देवकावहिनी मायाच बायकोपासून घेऊन गेली ना.”

“आणि तुमच्या बहिणीला? मुलाच्या आईला?”

“तिले नाई समजलं वाटते तुमाले?” तो हसायला लागला. “तिले पाहाले आले होते तवा आमच्या कोठ्यात गाय बी दुसऱ्याची बांधली होती, गुरुजी. साऱ्याईले मालूम रायते. मालूम असनं येगळं आन सभेत उभं राहून बोलनं येगळं. देवकावहिनी आज बोलली असती तर मले बी उठून काईतरी बोला लागलं असतं. भाच्याच्या बापाचं नाक आडवं आलं असतं.”

“मग पाहुणे बघतात तरी काय?”

त्याने माझ्याकडे एखाद्या मंद पोराकडे बघावं तसं पाहिलं. “कोनाच्या घरून काय आलं ते पाह्यतात. पेले तेल्याच्या घरचे, खुर्च्या माया घरच्या, पोहे कोनी आनले, चादर कोनी देल्ली. जिले कोनी काई देत नाई, तिच्या घरची पोरगी कशी करा? देवकावहिनीले सारा मोहल्ला देते.” मग तो निघून गेला, आणि थोडं पुढे जाऊन ओरडून म्हणाला, “बकरीले सांभाळा.”

मी बरीच वर्षं याचा विचार करतो आहे. माझ्या तेरा प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. असायला हवा होता की नको, हे मला ठरवता आलेलं नाही. तो विचारला असता तर देवकाबाईला गुण जास्त मिळाले असते आणि ती पुन्हा यादीबाहेर गेली असती. हेमकलाच्या लग्नानंतर तिने महिन्याच्या पस्तीस किलो धान्यावर आणि मोहल्ल्यातल्या बायकांच्या विड्यांना लेबलं लावून दिवस काढले, आणि चांगले काढले. तीन वर्षांनी घरकुल झालं. भिंती विटांच्या. मी तेव्हा बदली होऊन गेलो होतो.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी मी खोलीत वाचत बसलो होतो. दारावर थाप पडली. हेमकला होती. नवी साडी अजून नेसली नव्हती, हातांना तंबाखूचा वास होता. लग्न ठरलं तरी हजार विड्या रोजच्या रोज द्यायच्याच असतात.

“गुरुजी, आईनं तुमची वेताची खुर्ची मांगतली. नवऱ्या मुलाच्या बापाले बसाले.”

 मी खुर्चीवरून उठलो, गादी झटकली, पुस्तकं बाजूला केली. पुन्हा गादी झटकली. मी ती स्वतः पोचवतो म्हणालो, तर तिने ती उलटी करून डोक्यावर घेतलीसुद्धा. अंगणात जाऊन ती वळली. खुर्चीच्या पायांमधून तिचा चेहरा दिसत होता.

“लिवून ठेवा बरं गुरुजी, आमच्या घरी गेली म्हनून. नाई तर पुन्हा चूक व्हाची.”

खुर्ची तीन आठवड्यांनी परत आली, देवकाबाईकडून नाही, तर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका घरातून. मधल्या काळात ती चार घरं फिरली होती. एका हाताचा वेत तुटला होता आणि तिथे कुणीतरी विडीच्या गुलाबी दोऱ्याने घट्ट वेटोळी घालून गाठ मारली होती. कुणी, ते मी विचारलं नाही.

आता मी नागपुरात भाच्याकडे असतो. याच खुर्चीत बसून हे लिहितो आहे. दोऱ्याचा रंग उडाला आहे, पण हात पक्का आहे.